सर्वांत बारीक स्वर

मित्रांनो, मी एक जुना ऑडिओमीटर, म्हणजे कान तपासणारे यंत्र आहे. जिथे आवाज जवळजवळ संपतो, तिथे माझे काम सुरू होते. फिनलंडमधील औलू शहराच्या रुग्णालयात, जाड भिंतींच्या एका निःशब्द खोलीबाहेर माझे आयुष्य गेले. आत मूल हेडफोन लावून बसते, मी काचेच्या खिडकीबाहेरून क्षीण स्वर पाठवतो, आणि ऐकू आला की मूल पत्र्याच्या डब्यात लाकडी खुंटी टाकते. पुढे नवी यंत्रे आली, माझ्यावर धूळ बसली. पण श्रवणतज्ज्ञ तूलिक्कीताईंनी मला मुलांसाठी राखून ठेवले.

साइमी सात वर्षांची होती. तिच्या यकृतातील कर्करोगाच्या गाठीवर चाललेले औषध कानाच्या आतील नाजूक पेशीही जाळत जाते. प्रथम मावळतात ते सर्वांत बारीक, उंच स्वर. आणि गेलेला स्वर परतत नाही. म्हणून औषधाच्या प्रत्येक खेपेनंतर सहा तास थांबून तिला कान राखणारे दुसरे औषध शिरेतून देत. घाई केली तर गाठीवरच्या औषधाची धार बोथट होण्याची भीती. त्या दुसऱ्या औषधाने मात्र साइमीला भडभडून उलट्या होत.

तिसऱ्या खेपेआधी तिच्या सगळ्या खुंट्या अचूक पडल्या.

"बघितलंत? कान एकदम ठणठणीत! आता ते ओकारी आणणारं औषध बंद करा," साइमी आतल्या माईकमधून म्हणाली.

ताईंनी माझा आवाज पूर्ण मिटवला आणि नुसतेच बटण दाबले. टण! खुंटी पडली.

"साइमीबाई, आत्ता मी काही वाजवलंच नव्हतं."

साइमीची मान खाली गेली. "तुमचं बोट दिसतं ना काचेतून."

"लबाड कोल्हीण!" ताईंशेजारी बसलेले तिचे आजोबा तौनो हसले. आरागिरणीत त्यांची हयात गेली होती. मग हसू ओसरले. "स्प्रूसच्या झाडाच्या शेंड्यावर तो सोनेरी तुऱ्याचा पिटुकला पक्षी गातो ना, तेव्हा मला नुसती चोच हलताना दिसते. गिरणीच्या गोंगाटानं कान खाल्ले माझे. वेळेवर कुणी तपासले नाहीत, मीही नाही."

"मग मी सांगते की तुम्हाला, गातोय म्हणून!"

"तेच म्हणतोय. उद्या दोघंही चोचच बघत बसायचं का?"

साइमीने खुंटी पुन्हा हातात घेतली.

"ताई, पडदा लावा. परत घ्या."

मी सर्वांत उंच स्वर पाठवला. डबा गप्प. थोडा मोठा केला, तरी गप्प. आणखी मोठा केला, तेव्हा कुठे खुंटी पडली. हानी सुरू झाली होती, पण थोडी. राखण्यासारखे पुष्कळ उरले होते.

"द्या ते औषध," साइमी बाहेर येत म्हणाली. "पण सहा तासांनी हं, आधी नाही. आणि बादली मोठी आणा. मागची अगदीच बाहुलीची होती."

त्यानंतर प्रत्येक चाचणीला ती स्वतः पडदा ओढून घेई. उपचार संपले तेव्हा तो स्वर जिथे होता तिथेच होता. एक पायरीही खचला नव्हता.

मित्रांनो, कान राखणारे हे औषध प्रत्येक मुलाला चालते असे नाही, आणि सगळेच स्वर वाचतात असेही नाही. पण हाक मारल्यावर मूल वळून पाहते, एवढ्यावर विसंबू नका. हाक ऐकू येत असतानाच सर्वांत बारीक स्वर निघून गेलेला असू शकतो. अशा उपचारांच्या पहिल्या खेपेआधीच मुलाचे कान तपासा, मग पुन्हा पुन्हा तपासा, आणि कान राखता येतील का, हे डॉक्टरांना विचारा.

वसंतात तौनो आजोबा ताईंना भेटायला आले होते. सांगत होते, स्प्रूसच्या शेंड्यावर चोच हलली, आणि त्यांनी विचारण्याआधीच साइमीने त्यांची बाही ओढली म्हणे. "गातोय, आजोबा."