बुधवारी, एक वाजल्यानंतर

आई रविवारी पहाटे गेली आणि मी आधी चहाचं आधण ठेवलं. एक्याण्णव वर्षांची होती. शेवटची सहा वर्षं तिला उठवणं, धुणं, भरवणं माझ्याच गळ्यात होतं. त्यामुळे मला रडू आलं नाही, झोप आली. कुणाला काय वाटायचं ते वाटो.

सोमवारी अंत्यविधीचं बघणाऱ्या ऑफिसात गेले. समोर तिशीतला एक मुलगा होता, अगदी इस्त्रीतला.

"गुरुवारी सकाळी अकरा वाजता जमेल," तो म्हणाला.

"बुधवारी. दुपारी एक वाजल्यानंतर."

"बुधवारीच का, काही विशेष?"

"बुधवारी दुपारी दुकानं बंद असतात ना."

त्यानं पेन खाली ठेवलं. "कुठली दुकानं, मॅडम?"

मी काय बोलून बसले ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पण शब्द मागे घ्यायचंही त्राण अंगात नव्हतं. "आईचं तसं म्हणणं होतं," मी म्हटलं, "आणि गाडी हाय स्ट्रीटवरून न्या. सावकाश." आणि सही करून टाकली.

त्या बिचाऱ्याला काय ठाऊक असणार! पूर्वी आमच्या एल्मर्स हिलच्या हाय स्ट्रीटवर, म्हणजे बाजाराच्या मुख्य रस्त्यावर, बुधवारी दुपारी एकच्या ठोक्याला सगळी दुकानं बंद व्हायची. शनिवारी दिवसभर उभं राहायचं, म्हणून ही अर्धी सुट्टी. आणि रस्त्यावरचा दुकानदार गेला की त्याला न्यायचं ते बुधवारीच. एरवी गिऱ्हाईक सोडून कोण येणार? ज्याने त्याने आपल्या दाराशी उभं राहायचं, शवपेटीची गाडी पुढे गेली की तिच्यामागे चालू लागायचं. असं करत गाडी चर्चपाशी पोचेपर्यंत सगळा रस्ता तिच्यामागे असायचा. मी नऊ वर्षांची असताना मासेवाले मिस्टर टल गेले. खाटीक मिस्टर ऑर्ड यांनी कोटाखालचा ॲप्रनसुद्धा काढला नव्हता, गुडघ्यापाशी त्याचं लाल टोक दिसत होतं. मला हसू आलं, तसं आईनं माझ्या पाठीत बोट खुपसलं. "सरळ उभी राहा. उद्या आपल्यामागेही हेच चालणार आहेत."

आईचं लोकरीचं दुकान होतं. आयुष्यभर तिनं त्या एका गोष्टीचा भरवसा धरला, की आपल्यामागे रस्ता चालेल. मती फिरल्यावर बाकी सगळं विसरली, हे तेवढं विसरली नाही. "हिलरी, बुधवारीच हं," आठवड्यातून चारदा सांगायची. मी "हो" म्हणायचे. कोण वाद घालणार? रस्ता कधीच मेला होता, पण ते तिला सांगायचं माझ्या जिवावर यायचं.

संध्याकाळी कॅनडातून डेनिसचा, माझ्या भावाचा फोन. त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालंय, तो येणार नव्हता.

"बुधवारी दुपारी? अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? लोक कामावर असतात."

"आईची इच्छा होती."

"आईला शेवटी शेवटी मी मासेवाला टल वाटायचो. म्हणून मी काय मासे विकायला बसू?"

"ठेव फोन, डेनिस."

मंगळवारी मी आईच्या अंत्ययात्रेची वेळ लिहिलेल्या काळ्या काठाच्या चिठ्ठ्या घेऊन हाय स्ट्रीटवर गेले. पूर्वी अशी चिठ्ठी प्रत्येक दुकानाच्या काचेत लागायची. आता निम्म्या काचांवर आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. न्हाव्याच्या दुकानातल्या सायप्रसच्या माणसानं खुर्ची पुढे केली, चिठ्ठी काचेला लावली, आणि "उद्या दुपारी आमची गर्दी असते, ताई," म्हणाला. नखं रंगवणाऱ्या मुली गोड हसल्या. आमच्या जुन्या दुकानात आता धुराच्या नळ्या विकतात, त्या विजेवरच्या सिगारेटी. तिथला पोरगेला मालक म्हणाला, "लोकर? फक्त लोकर? आणि त्यावर पोट भरायचं?" चेष्टा नव्हती, त्याला खरंच नवल वाटलं होतं. औषधांचं दुकान तेवढं जुन्या जागी आहे. तिथल्या बाईंनी चिठ्ठी आतबाहेर दोन्हीकडून दिसेल अशी लावली.

परत येताना पाय भरून आले होते. बसथांब्यावर टेकले, तर समोर हॅडोंचं लोखंडसामानाचं जुनं दुकान. आता तिथे मोबाईल दुरुस्त होतात. मला बसायला दुसरी जागा मिळू नये!

मेबल हॅडो म्हणजे आईची जिवाभावाची मैत्रीण, तिला 'एनिड' अशी नावानं हाक मारणारी. आमची मेबल मावशी. दोन दुकानं सोडून त्यांचं दुकान, दिवसातून दहा खेपा. माझ्या खिशात कायम तिनं दिलेली पेपरमिंटची गोळी. आई गिऱ्हाइकांची लोकर राखून ठेवायची. म्हणजे असं, की स्वेटरला वीस गुंडे लागणार असले तरी बाया एकदम घेत नसत, आठवड्याला दोन-तीन न्यायच्या. पण सगळे गुंडे एकाच खेपेत रंगवलेले हवेत. दुसऱ्या खेपेचा तोच रंग दुकानात सारखा दिसतो, उन्हात उघडा पडतो. म्हणून आई वीसच्या वीस बाजूला काढून, चिठ्ठीवर नाव लिहून खणात ठेवायची. त्या खणाला हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

मी लावला. दहा वर्षांची होते. आई दाढ काढून घ्यायला गेली होती, दुकानाला मी राखण. एक अनोळखी बाई बाटलीहिरव्या लोकरीचे तीन गुंडे मागत होती, घाई करत होती, आणि शेल्फावरचे मला सापडेनात. मेबल मावशीच्या नावानं राखलेल्या खणातले दिले. मोठ्या बाईसारखे कागदात बांधून दिले, आणि फार ऐट वाटली.

पुढच्या आठवड्यात मावशी शेवटचे चार न्यायला आली, तर खणात एकच. स्वेटर तिच्या नवऱ्यासाठी, हॅडोकाकांसाठी होता, आणि त्यांच्या बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं. दुसऱ्या खेपेचे गुंडे नेण्यावाचून इलाज नव्हता. लग्नाच्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर उन्हात हॅडोकाकांची डावी बाही वेगळीच हिरवी दिसली. "उसनी आणलीस का रे बाही?" लोक पुरतं वर्षभर विचारत होते.

मावशी दुकानात येऊन काय बोलली ते मी ऐकलं नाही. आईनं मला मागच्या खोलीत पाठवलं होतं. तिथे मी बटणांच्या डब्यात हात घालून बसले होते. एवढंच कळलं, की मावशी आमच्या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही, आणि यापुढे तिला 'मिसेस हॅडो' म्हणायचं. आई मला म्हणाली, "माझ्याच हातून गेले असतील." आणि मी गप्प राहिले. आज सांगू, उद्या सांगू करत पन्नास वर्षं गेली. त्या दोघी समोरासमोर आल्या की एक जण रस्ता ओलांडायची. आईला तशी मैत्रीण परत मिळाली नाही. तिच्यामागे नक्की चालली असती असं एकच माणूस होतं, आणि ते मी घालवलं.

बुधवारी दीडला गाडी हाय स्ट्रीटला लागली. पुढे तो इस्त्रीतला मुलगा उंच काळी टोपी घालून चालत होता. मागच्या गाडीत मी एकटी. दोन्हीकडची दुकानं उघडी आणि दारात कुणीही नाही. एका दुकानात गाणी लागली होती. मी मान खाली घातली. आईला दिसत नव्हतं ते बरंच होतं.

गाडी एकदम थांबली. मान वर केली तर मोबाईलच्या दुकानापुढे, रस्त्यावर उतरून, एक म्हातारी उभी. काळा कोट, काळी टोपी, पुढ्यात वॉकर. मला वाटलं होतं ती केव्हाच गेली असेल.

मी गाडीतून उतरले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून तेच निघालं. "ती लोकर मी विकली होती. आईनं नाही."

"ठाऊक आहे मला," मिसेस हॅडो म्हणाली. "औषधाच्या दुकानात चिठ्ठी वाचली. म्हटलं, बुधवार आहे, जायला हवं."

"ठाऊक होतं? मग इतकी वर्षं..."

"एनिड मेली असती, पण दुसरीच्या खणातलं तिनं दिलं नसतं. 'माझ्याच हातून गेले' म्हणाली. माझ्या तोंडावर खोटं, मेबल हॅडोच्या! मी म्हटलं, पोरीला बोलाव. तर म्हणते, पोरीचं नाव काढू नकोस. अगं, मी काय तुला खाणार होते? कान पिळला असता आणि गोळी दिली असती." तिचा श्वास चढला. "मला वाटायचं, ही येईल. तिला वाटत असेल, मी येईन. दोघी हेकट. आता हात दे. मागे चालायचंय ना?"

"चर्चपर्यंत? मावशी, गाडीत बस."

"दुकानदाराच्या मागे चालतच जातात."

ती वॉकर उचलायची, टेकवायची, एक पाऊल टाकायची. टोपीवाल्या मुलानं मागे वळून पाहिलं आणि तो तिच्या पावलाने चालू लागला. शवपेटीची गाडी त्याच्यामागे सरपटू लागली. आमच्यामागे एक बस अडकली, मग दुसरी. कुणीतरी भोंगा वाजवला, मग सगळेच वाजवू लागले. काय झालंय ते बघायला लोक दुकानांच्या बाहेर आले. हातात कात्री घेतलेला न्हावी आणि गळ्याला फडकं बांधलेलं त्याचं गिऱ्हाईक. नखंवाल्या मुली. धुराच्या नळ्यांवाला पोरगा आमच्या दुकानाच्या पायरीवर. जो तो आपापल्या दारात.

मावशीला ऐकू कमी येतं, भोंगे तिच्यापर्यंत पोचले नसावेत. तिनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि प्रत्येकाला मान लववत गेली.

"आले बघ सगळे," ती म्हणाली. "एनिडला वाटलंच होतं."

"हो, मावशी," मी म्हटलं. "आले." आणि मग मला रडू आलं.