ओट्यात तोंड दिसेना

मी एक जुना स्टीलचा ओटा आहे, असं या घरात आल्यागेल्याला सांगतात. मित्रांनो, साफ खोटं आहे ते! स्टील असं जुनं होत नसतं. माझ्या अंगावरचे हे ओरखडे वयाचे नाहीत. ते कसे आले ते आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

माझा जन्म कानडी मुलखातल्या हिनकलच्या एका वर्कशॉपात झाला. पत्रा कापला, वाकवला, सिंकला जोडला, घासून पॉलिश केला. एका हॉटेलवाल्याने मला हौसेने बनवून घेतलं आणि न्यायला काही तो आला नाही. मी कोपऱ्यात धूळ खात पडलो. तिथल्या कामगारांचे कपडे शिवणाऱ्या भागीरथीबाई एकदा मापं घ्यायला आल्या. त्यांनी पदराने माझ्यावरची धूळ पुसली आणि वाकून बघितलं. त्यांचे यजमान म्हणत होते, ग्रॅनाइटचाच ओटा करू, सगळे तोच करतात. बाई म्हणाल्या, "ह्याच्यात तोंड दिसतं की." झालं! मी सरस्वतीपुरमच्या त्यांच्या घरी आलो.

काय दिवस होते ते! जेवणं उरकली की बाई माझ्याकडे वळायच्या. शिवणातून उरलेली मऊ सुती चिंधी आणि भांड्यांच्या साबणाचं थोडं पाणी, बस्स. माझ्या अंगावर पॉलिशच्या बारीक रेघा आहेत. त्या जशा जातात तशीच चिंधी फिरायची, आडवीतिडवी कधी नाही. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडले तर थोडं व्हिनेगर. मग कोरडं करून खोबरेल तेलाचा एक थेंब. शेवटी वाकून माझ्यात स्वतःचं तोंड बघायचं. ते दिसलं की "आयतु" म्हणायच्या, म्हणजे कानडीत झालं एकदाचं. शेजारणी मला मुद्दाम बघायला यायच्या. मी फुगून जायचो, खोटं कशाला सांगू?

यजमान गेले. मुलाचं, अरुणचं लग्न झालं आणि पुण्याची चैत्राली सून म्हणून आली. नोकरी करणारी, हुशार, तोंडाने जरा फटकळ. पण माझं सगळं बाईंच्याच हाती होतं.

मग गेल्या वर्षी बिनसलं. एक दिवस बाईंनी मला पुसलं, वाकून बघितलं, पण "आयतु" काही म्हटलं नाही. पुन्हा पुसलं. हळूहळू साबण वाढला, भांड्यांची पावडर आली, आणि एका सकाळी चक्क तारेची घासणी! उभी, आडवी, गोल, वाटेल तशी. मला ओरडताही येत नाही हो! तिचे बारीक तुकडे माझ्यावर राहिले, भिजले, गंजले. त्या गंजाचे डाग बघून चैत्राली म्हणाली की स्टीलच भेसळीचं असणार. मी भेसळीचा? गंज त्या घासणीचा आणि नाव माझं!

बाईंचा तर मला असा संताप आला की सांगता सोय नाही. ज्या हातांनी मला आरसा केला, तेच हात मला सोलत होते. चैत्राली येईल त्याला माझे ओरखडे दाखवायची. शेवटी ती अरुणला म्हणाली की दिवाळीपासून स्वयंपाकीण ठेवू, आईंनी ओट्याला हात लावायचा नाही. बाईंनी ते दाराआडून ऐकलं. स्वयंपाकघर सुटलं तर या घरात आपलं उरतं काय, ही धास्ती त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसली. ओटा चकचकीत करून दाखवायचाच, म्हणून दुसऱ्या दिवसापासून दुप्पट जोराने घासू लागल्या.

आयुधपूजेचा दिवस आला. शिवणयंत्र, कात्र्या, अरुणची स्कूटर, सगळं धुऊनपुसून तयार होतं. आता मला कुंकू लागायचं होतं. त्याआधी चमकवावं म्हणून बाईंनी सिंकखाली हात घातला आणि व्हिनेगरची समजून एक बाटली काढली. ते बाथरूमचं ॲसिड होतं. अरुणने वापरून तिथेच ठेवलेलं, शहाण्याने! बाई झाकण फिरवणार तोच चैत्राली धावत आली आणि तिने बाटली हिसकावली.

"आई, एवढं मोठं लिहिलंय त्याच्यावर. वाचता येत नाही का?"

बाई चिंधी धरून उभ्या राहिल्या. "वाचता येतं गं," त्या म्हणाल्या. "दिसत नाही. सगळं मंजु मंजु झालंय."

मंजु म्हणजे धुकं. वर्षभर त्या धुक्यातून माझ्यात आपलं तोंड शोधत होत्या. पहिल्या दिवशी तर मी लख्खच होतो हो! सांगितलं असतं तर शिवणयंत्रही गेलं असतं आणि स्वयंपाकघरही, म्हणून त्या गप्प राहिल्या.

तेव्हापासून माझ्या रागाने दिशा बदलली. या घरात माझा एकेक ओरखडा सगळ्यांना दिसला. बाई रोज कोणाला तरी सुई ओवून मागत होत्या. सगळ्यांनी ओवून दिली, पण का मागतात म्हणून एकानेही विचारलं नाही. आणि मी? मी सगळ्यांत जवळून त्यांचे डोळे बघत होतो, पण मला माझ्याच कातडीची पडली होती.

चैत्रालीनेच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू निघाला, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मोकळीक देताच बाई सरळ माझ्यापाशी आल्या आणि वाकल्या. मला लपायला जागा असती तर मी लपलो असतो. त्यांचं तोंड दिसलं, पण ओरखड्यांनी चिरलेलं. त्यांनी माझ्यावरून तळहात फिरवला.

"हे मीच केलं ना?"

अरुण जमिनीकडे बघू लागला. आल्यागेल्याला माझे ओरखडे दाखवणारी चैत्राली पुढे झाली.

"नाही हो आई. ओटाच जुना झालाय."

जुना? मी? दुसऱ्या कोणत्याही दिवशी माझं डोकं फिरलं असतं. त्या दिवशी मात्र मी तो शब्द मुकाट गिळला. बाईंनी चिंधी घेतली, रेघांच्या दिशेने मला पुसलं आणि पुन्हा वाकून बघितलं.

"आयतु," त्या म्हणाल्या.

तर मित्रांनो, आमच्याकडे आलात आणि कोणी म्हणालं की ओटा जुना झालाय, तर हो म्हणा. माझी एवढी अब्रू गेलेली चालेल. पण तुमच्या घरचा ओटा जी पुसते, तिच्या हातांवर ओरडण्याआधी तिच्या डोळ्यांत बघा. बाटलीवरची अक्षरं दिसतात का, एवढं तिला आजच विचारा.