पत्र्याखालचे लाकूड

मित्रांनो, मी एक जुने सागवानी टेबल आहे. शहाद्याकडच्या म्हसावद गावात, १९५८ साली, गिरधरने मला घरीच बनवले. त्याआधी माझ्या फळ्या त्याच्या बैलगाडीच्या साट्यात, म्हणजे तळाला, होत्या.

गिरधर शेतकरी होता, सुतार नव्हता. पण त्याच्या आईचे, तापीबाईंचे, गुडघे धरले होते. चुलीपुढे बसल्या की त्यांना उठता येत नसे, आणि स्वयंपाक सोडायला त्या तयार नव्हत्या. त्यांना उभ्याने रांधता यावे म्हणून गिरधरने माझ्या मधोमध चौकोनी खण केला आणि त्याला खालून जाड फळी ठोकली. त्या खणात कोळशाची मातीची शेगडी गळ्यापर्यंत बसणार होती.

शेगडी घेऊन झिपरू कुंभार आला, तेव्हा गिरधर तिच्याखाली घालायला रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापत होता. पत्र्याला आग लागत नाही, मग लाकडाला कसली भीती, असे त्याचे म्हणणे होते. झिपरूने खणात वाकून पाहिले.

"पत्रा जयत नही भाऊ," तो म्हणाला, "पण आंच खाले देस."

खाली विटा उभ्या लाव, त्यांच्यामध्ये हवेला वाट ठेव, वर दगडी फरशी टाक आणि मग शेगडी बसव. बाजूंनीही चार बोटे जागा सोड, असे त्याने सांगितले. त्यासाठी मला पुन्हा खोलून खण वीतभर खोल करावा लागला असता. झिपरू गेल्यावर गिरधरने खणाची खोली वितीने मोजून पाहिली. मग त्याने पत्राच बसवला.

तापीबाई माझ्यापुढे उभ्या राहून भाकरी करू लागल्या. गल्लीतल्या बाया मला बघायला येत. आखाजीच्या सणाला माहेरी आलेली गिरधरची बहीण मीना तर हट्टच धरून बसली. गिरधरने तिच्यासाठी हुबेहूब तसेच टेबल केले, तसाच पत्रा घातला आणि तापी नदीपलीकडे कोरीटला तिच्या सासरी पोचवले.

इकडे पत्र्याखाली मी काळे पडत होते. पहिल्या वर्षी रुपयाएवढा डाग होता, दुसऱ्या वर्षी तो ताटलीएवढा झाला. रोजच्या आंचेने फळी वाळत होती, आतून कोळसा होत होती. वरून काहीच दिसत नव्हते. कधी घरात भाजलेल्या लाकडाचा वास येई. कोळसा ओला असेल, असे सगळे म्हणत.

तिसऱ्या हिवाळ्यात, सांडशी खाली पडली म्हणून तापीबाई माझा आधार घेत वाकल्या आणि त्यांचा हात खालच्या फळीला लागला. तळव्याला चटका बसला. गिरधर शेतातून आल्यावर त्या म्हणाल्या, "खाले हात लाई देख. फयी तपस."

गिरधरने हात लावला. पण तोवर शेगडी विझून दोन तास झाले होते, फळी कोमट होती. कापूस घरात आला की बघतो, असे तो म्हणाला.

कापूस घरात येऊ लागला. ढीग भिंतीपासून वाढत वाढत माझ्या पायांपर्यंत आला. मला बोलता येत नव्हते.

एका दुपारी गिरधर आणि त्याची बायको शेतात होते, तापीबाई घरात एकट्या होत्या. शेगडीवर डाळ शिजत होती. माझी खालची फळी दोनदा कडकडली आणि मधोमध मोडली. पेटलेली शेगडी खाली कोसळली, निखारे कापसात गेले. तापीबाईंना पळता येईना. त्या गुडघ्यांवर, हातांवर सरकत दाराकडे निघाल्या. उंबऱ्याशी पोचेपर्यंत त्यांच्या लुगड्याने पेट घेतला होता.

शेजाऱ्यांनी त्यांच्यावर घोंगडी टाकली, त्यांना बाहेर काढले. मग पाणी, माती, मिळेल ते आत फेकले. कापूस गेला, छत गेले. एका बाजूने जळालेल्या मला कुणीतरी अंगणात ओढून आणले. गिरधर धावत आला. आईला दवाखान्यात नेणाऱ्या गाडीत तो बसणार, इतक्यात माझ्या तुटक्या फळीवर त्याची नजर गेली. तो जागीच थांबला.

"मीनाकडे बी असंच शे," तो म्हणाला.

तापीबाई शुद्धीत होत्या. "मन्हा संगे नको येऊ," त्या म्हणाल्या. "पहिले तिकडे जाय."

आईला शेजाऱ्यांच्या हवाली करून तो एस.टी.ने, मग मिळेल त्या गाडीने, आणि शेवटचे दोन कोस पायी कोरीटला गेला. पुढचे त्यानेच नंतर आईजवळ बसून सांगितले, ते मी ऐकले. मीनाच्या घरी शेगडी पेटलेली होती. टेबलाच्या पायांना तिने झोळी बांधली होती आणि झोळीत तिचे तान्हे झोपले होते. गिरधरने आधी मूल उचलून तिच्या हातात दिले. मग शेगडी काढली, पत्रा उचलला आणि फळीवर बोट टेकवले. बोट पेरभर आत गेले.

तापीबाई वाचल्या, पण त्यांचे पाय बरे झाले नाहीत. पुढे गिरधरने माझा खण खोल करून नवी फळी ठोकली आणि झिपरूला बोलावून आणले. झिपरूने एका शब्दाने दोष दिला नाही. त्याने विटा, हवेची वाट, फरशी, सगळे आपल्या हातांनी बसवले. त्यानंतर माझ्यावर गिरधरची बायको रांधू लागली. तापीबाई खाटेवरून पाहत.

मित्रांनो, आगीजवळ काही मांडाल तेव्हा, काय जळत नाही एवढेच विचारू नका. आंच कुठे जाते ते विचारा. आणि ज्याला ते ठाऊक आहे, तो दारात उभा राहून सांगत असेल, तर हातातले काम खाली ठेवा. त्याला बसायला द्या, आणि तो बोलून संपेपर्यंत ऐका.