फिटरकाकांचा होकार

त्या वाटेला वाट म्हणणं हेच आधी धाडस होतं. एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला कारखान्यांच्या मागच्या भिंती, आणि मध्ये गवत, काचा नि लोकांनी आणून टाकलेल्या जुन्या गाद्या. दहा वर्षांपूर्वी वस्तीतल्या सायकलवाल्यांनी ती हाती घेतली. दर रविवारी सकाळी फावडी, घमेली आणि धुम्मस घेऊन जायचं, खड्ड्यांत मुरूम भरायचा, ठोकून बसवायचा, झुडपं छाटायची आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एक फेरी मारायची. आता त्याच वाटेने माणसं कामाला जातात, पोरं शाळेत जातात. नगरपालिकेला फुकटात रस्ता मिळाला, तिला काय, ती खूश.

या मंडळींचा एक नियम होता. जिथे दुरुस्ती झाली, तिथून पहिली सायकल जायची ती फिटरकाकांची. ते "चालेल" म्हणाले की झालं, मग कुणी वाकून खाली बघायचं नाही.

आणि का बघावं? अडतीस वर्षं कारखान्यात फिटर म्हणून काढलेला माणूस. चालत्या मशीनच्या शेजारून डबा हातात घेऊन जाता जाता म्हणायचे, "मागचं बेअरिंग गेलंय रे," आणि उघडून बघावं तर खरंच गेलेलं. सायकलचंही तेच. फळ्यांचा पूल असला की त्यांच्या तीन फेऱ्या ठरलेल्या: एक मधून, एक डाव्या कडेने, एक उजव्या कडेने. सावकाश, मान किंचित खाली घालून, कान देऊन. कुठे फळी सैल असेल तर ती बोलते, असं ते म्हणायचे, फक्त ऐकणारा पाहिजे.

ऐकणारा मात्र दोन वर्षांपूर्वीच संपला होता. आधी डावा कान गेला, मग उजवा अर्धा. स्वतःच्या सायकलची साखळी ऐकू येईना, तेव्हा त्यांना वाटलं तेल चांगलं बसलंय. मग एक दिवस स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि हे तिथेच शेजारी बसून पेपर वाचत होते. काकूंनी येऊन गॅस बंद केला आणि काय ते ओळखलं.

"डॉक्टरकडे चला. मशीन लावून देतील," काकू त्यांच्या उजव्या कानाशी येऊन म्हणाल्या.

"आणि ते मशीन घालून पुलावर जाऊ? मग मला विचारेल कोण?"

"नाही विचारलं तर नाही. जग थांबतंय का तुमच्यावाचून?"

थांबत नव्हतं, हेच तर दुखणं होतं. कारखाना सुटला, मुलगा दूर गेला, उरला होता तो रविवारचा एक शब्द. काकांनी ठरवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायला शिकले. कळलं नाही तर चेहरा बघायचे. आणि दोन वर्षांत त्यांनी होकार दिलेली एकही जागा खचली नाही, एकही फळी उचकटली नाही. म्हातारा मनात म्हणाला, कान गेला तर गेला, अजून हात आहेत, बूड आहे, अनुभव आहे. माणसाला स्वतःबद्दल चांगलं ते लवकर पटतं.

मग तो पूल आला. कालव्याला येऊन मिळणाऱ्या एका नाल्यावर दोन लोखंडी तुळया आणि त्यांवर आडव्या फळ्या, एवढाच तो पूल. सहा फळ्या कुजल्या होत्या. मंडळींतल्या सुताराने त्या बदलल्या. हा सुतार म्हणजे कमी बोलणारा, चाळिशीचा गडी. दहा वर्षांत त्याने रविवार चुकवला असेल तर दोन-तीनदा. मास्तर, म्हणजे मंडळींचे अध्यक्ष, नेहमीप्रमाणे सायकलला टेकून उंटावरून शेळ्या हाकत होते. काम झालं. काकांनी सायकल काढली.

मधून गेले. डावीकडून गेले. उजव्या कडेने जाताना शेवटून तिसऱ्या-चौथ्या फळीवर हँडलला एक बारीक हिसका बसला. काकांनी सायकल थांबवली आणि मागे वळून सगळ्यांचे चेहरे पाहिले. फळी वाजली असती तर यांच्या तोंडावर दिसलं असतं. आठ-दहा माणसं उभी होती आणि सगळी त्यांच्याकडे नीट, शांत बघत होती. मास्तर तर हसले.

"चालेल," काका म्हणाले.

पुढच्या रविवारी फेरीत एक नर्सबाई होती. महिन्याभरापूर्वीच वस्तीत राहायला आलेली, पंचविशीची, आई आणि ती अशा दोघीच. इस्पितळात पहाटपाळीला याच वाटेने जायची, म्हणून म्हणाली, वाट वापरते तर फावडंही धरेन. पहिल्याच दिवशी हातांना फोड आले तरी घमेली टाकत राहिली. सायकल अशी हाणायची की मास्तर म्हणायचे, कानामागून आली आणि तिखट झाली. तीही हसायची. पूल दुरुस्त झाला त्या रविवारी मात्र ती पाळीवर होती.

काका नेहमीसारखे सगळ्यांच्या पुढे होते. पुलाच्या मधून गेले आणि पुढे निघून गेले. बऱ्याच अंतरावर गेल्यावर त्यांना वाटलं, मागे कुणीच कसं नाही. वळून आले, तर पुलाजवळ सायकली आडव्यातिडव्या पडलेल्या आणि माणसं नाल्यात उतरलेली. एक नवी फळी उजव्या कडेला खचून दुसऱ्या टोकाने वर उभी राहिली होती. खाली, दीड पुरुष खोल, कोरड्या दगडांवर नर्सबाई पडली होती. डोळे उघडे होते. ती काहीतरी सांगत होती, आणि काकांना त्यातलं अक्षरही कळलं नाही.

कणा मोडला. डॉक्टरांनी आईला सांगितलं, जीव वाचलाय, कमरेखालचं विसरा.

तिसऱ्या दिवशी नगरपालिकेने वाटेच्या दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले आणि लेखी विचारलं: पुलाचं काम कोणी केलं? उत्तर सगळ्यांच्या जिभेवर तयार होतं. सुताराने. नट नीट आवळला नसणार, लाकूड ओलं असणार, लक्ष नसणार. एका घराने त्याला दिलेलं दारांचं काम काढून घेतलं. त्याच्या बायकोला पाण्याच्या रांगेत बायका वाट करून द्यायला लागल्या, लागट रोग झालेल्या माणसाला देतात तशी. सुतार मात्र मूग गिळून बसला होता. ना हो म्हणाला, ना नाही.

काकांना झोप लागेना. हँडलचा तो हिसका मनगटात बसला होता. चार दिवस ते स्वतःला सांगत राहिले की काम सुताराचं, फळी सुताराची. पाचव्या दिवशी काकूंनी चहाचा कप समोर ठेवला आणि तोंड त्यांच्यासमोर आणून, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "चोर सोडून संन्याशाला फाशी लागतेय. तुमच्याच्याने बघवतंय कसं?"

"सांगितलं तर माझी काय किंमत राहील गं?"

"काही राहणार नाही. जा आणि सांगा."

मंडळींची बैठक सायकल दुरुस्तीच्या दुकानात भरायची. भिंतीवर खिळ्यांना ट्यूब लटकलेल्या, मध्ये एक टेबल, तेलाने काळं झालेलं. मास्तरांनी नगरपालिकेला द्यायचं उत्तर लिहून आणलं होतं. त्यात लिहिलं होतं की पुलाचं काम सुताराने केलं, हलगर्जी त्याची, आणि मंडळींनी त्याला काढून टाकलं आहे, तरी वाट पुन्हा खुली करावी. सह्या तेवढ्या बाकी होत्या. सुतार कोपऱ्यातल्या स्टुलावर मान खाली घालून बसला होता.

काका उभे राहिले. 

"याने फळी लावली, पण होकार मी दिला," ते म्हणाले. आवाज किती मोठा येतोय हे त्यांना कळत नव्हतं. "मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. फळी वाजली असेल तर मला कळली नाही. हाताला हिसका लागला होता आणि तरी मी चालेल म्हणालो. त्या पोरीचे पाय मी घालवले. लिहा तसं."

बोलून झाल्यावर त्यांनी सवयीने चेहरे बघितले. कुणीतरी चमकेल, कुणी शिव्या घालेल, कुणी तोंडावर हात ठेवेल असं त्यांना वाटलं होतं. एकाही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. दुकानदार पान्याने टेबलाची कड खरवडत होता. मास्तर कागदाकडे बघत होते. 

सुतार उठला, त्यांच्या उजव्या बाजूला आला आणि कानाशी तोंड नेऊन बोलला.

"काका, आम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्हाला ऐकू येत नाही ते. पहिल्यापासून. फळी वाजली होती, काका. खडखड वाजली. सगळ्यांनी ऐकली."

काकांनी टेबल धरलं.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून," सुतार म्हणाला. "दोन वर्षं असंच चाललंय. तुम्ही होकार देता, मग आठवड्यात मी एकटा जाऊन खालून बघतो, कसायचं ते कसतो आणि यांना कळवतो. मी कळवेपर्यंत ही सगळी तिथे उतरून, हातात सायकल धरून, मधून चालत जातात. तुम्ही पुढे असता, तुम्हाला दिसत नाही. त्या आठवड्यात सासरे इस्पितळात होते. मला जायला जमलं नाही. रविवारीही मी आलो नाही. म्हटलं, घाई काय आहे, आपली माणसं उतरूनच जातात."

"आणि ती?"

मास्तर काहीतरी म्हणाले. काकांनी ओठ पाहिले. "तिला सांगायचं राहून गेलं," असं ते म्हणत होते. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे त्या भिडेने भीक आणली ती दुसऱ्याच्याच दारात.

काकांनी मास्तरांच्या हातातला कागद ओढून घेतला आणि त्याच्या मागच्या बाजूला, जबाबदार म्हणून, सगळ्यांची नावं लिहिली. सगळ्यात वर स्वतःचं. "यावर सह्या करा," म्हणाले. सुताराने केली. दुकानदाराने बऱ्याच वेळाने केली. मास्तर चष्मा पुसत राहिले आणि मग घरी काम आहे म्हणून निघून गेले.

तो कागद तसाच घेऊन काका इस्पितळात गेले. नर्सबाईची आई दारातच उभी राहिली, आत सोडेना. आतून पोरीने काहीतरी म्हटलं असावं, कारण आई बाजूला झाली. ती उताणी पडली होती, मान पट्ट्यात, पांघरूण पायांवरून इतकं सपाट की बघवेना. काकांनी तिला सगळं सांगितलं, कानाचं, हिसक्याचं, वाजलेल्या फळीचं, उतरून चालत जाणाऱ्या माणसांचं. माफ कर म्हणायचं त्यांनी ठरवलं होतं, पण ते तोंडातून निघेना. ते नुसते रडले.

तिने बोटाने खूण करून त्यांना जवळ बोलावलं. काकांनी वाकून उजवा कान तिच्या तोंडाशी नेला.

"मी बघितलं होतं त्यांना उतरताना," ती म्हणाली. "मला वाटलं, दमले. म्हणून मी कडेने पुढे काढली सायकल. जाताना हात केला मी सगळ्यांना." तिचा श्वास त्यांच्या कानाला लागत होता. "त्यांनीही केला मला."