एकदाच आलेली हाक

परमेश्वर ज्याला हाक मारतो त्याला ती ऐकू येतेच, आणि ज्याला ती ऐकू आली तो माणूस वाटेत कुठेही थांबत नाही. रेव्हरंड रॉबिन फिनले यांचा यावर पूर्ण विश्वास होता. ते पौडला थांबले, कारण पुढे गाडी नव्हती.

साल एकोणीसशे अठ्ठावन्न, दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. फिनले स्कॉटलंडहून आलेले, वयाने पंचविशीच्या आतले, केस गाजराच्या रंगाचे. मराठी ते पुण्यात एका शास्त्रीबुवांकडे शिकले होते. शास्त्रीबुवांनी त्यांना येत होतं ते सगळं शिकवलं, पण माणसं एकमेकांशी बोलतात तसं वाक्य त्यात एकही नव्हतं. त्यामुळे मुळशीच्या धरणाकाठच्या वाडीत पोचल्यावर, डोक्यावरून ट्रंक आणणाऱ्या भिकूला ते म्हणाले, "हे सद्‌गृहस्था, आपल्या श्रमांनी मी उपकृत झालो आहे."

भिकूने ट्रंक खाली ठेवली आणि शेजारच्याला विचारलं, "शिव्या देतोय व्हय?"

वाडीचं नाव वरची वाडी. खालची कुठे आहे, असं फिनलेंनी कोंडिबाला विचारलं. कोंडिबा वाडीतला जाणता माणूस. वाडीचा बरावाईट निर्णय तोच घेई. त्याने नुसत्या हनुवटीने पाण्याकडे दाखवलं.

"ही काय, हितं खाली. धरान झालं तवा पान्यात ग्येली."

"म्हणजे ती आता अस्तित्वात नाही."

"हाय की," कोंडिबा म्हणाला. "पान्यात हाय."

साळूबाई नावाच्या विधवेच्या पडवीत फिनलेंची सोय झाली. तिची भाकरी ते दोन हातांनी खात आणि तिचे आभार तीन ओळींत मानत. "पोथी वाचू नगंस, ज्येव," ती म्हणे. हळूहळू आभार एका ओळीवर आले, मग मानेवर. साळूबाईला वाटलं, पोर सुधारतंय.

मिशनने त्यांना एक वर्ष दिलं होतं. तेवढ्यात वाडीत प्रार्थनेचं ठिकाण उभं राहिलं तर ठीक, नाहीतर पुण्याला परत. फिनलेंना वर्ष पुष्कळ वाटत होतं. अडचण एकच होती. वाडीतलं कुणी त्यांच्या हाकेला ओ देत नव्हतं.

ते दारापुढे उभे राहून "कोंडिबा!" म्हणत. कोंडिबा आत बसलेला दिसे. चिलीम ओढताना दिसे. त्यांच्याकडे बघतानाही दिसे. पण बोलत नसे. फिनले सभ्य घरातले, पुन्हा हाक मारून कुणाला अवघडवणं त्यांना पटत नसे. ते थोडं थांबत आणि परत येत. सगळा महिना असाच गेला. वाडीने आपल्यावर बहिष्कार घातला आहे असं समजून त्यांनी त्याबद्दल प्रार्थनाही केली. वाडीला वाटत होतं, हा माणूस रोज दारापर्यंत येतो आणि तसाच जातो. याला काहीतरी आजार आहे.

शेवटी साळूबाईनेच विषय काढला.

"आरं बाबा, येकदा हाक मारून परत का येतूस? तीनदा मारावी."

"तीनदा कशासाठी?"

"तीनदा मारल्याबिगर वळखावं कसं, मानूस हाय का दुसरं काय?"

मग भाकरी थापता थापता तिने सांगितलं. धरण भरलं तेव्हा माणसं वर आली. पण सगळी आली नव्हती. मेलेली तिथेच राहिली. त्यांना कुणी उठवून आणणार होतं? वाडी हलली हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. दिवस कलला की ती आपली हाका मारतात. जेवायला बोलवतात, गुरं सोडायला बोलवतात. तिच्या सासूने तिला बोलावलेलं तिने स्वतः ऐकलं होतं. सासू धरणाच्या आधीच गेली होती.

"मग तू काय केलेस?"

"काय करनार? भाकऱ्या क्येल्या. पान्यातल्या मानसाला दम येकाच हाकंपुरता असतुया. दुसरी हाक तेला मारता येत न्हाई. तवा तिसरीला ओ द्यायची. पैल्या हाकंला ओ दिली की संपलं."

"काय संपले?"

साळूबाईने तव्यावरची भाकरी उलटली. "त्येला कळतं ना, तू कुटं हायेस त्ये."

फिनलेंना हसू आलं, आणि आपल्याला या लोकांची रीत कळली याचा आनंदही झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोंडिबाला तीनदा हाक मारली. तिसरीला आतून "ओ! या की पादरीबाबा!" आलं. घोंगडं अंथरलं गेलं. कोंडिबाने विचारलं, "बरं वाटतंय आता?"

त्यानंतरच्या रविवारी प्रार्थनेला पडवी भरली. फिनलेंनी ठरवलं, पुस्तकातलं सांगायचं नाही, स्वतःचं सांगायचं. त्यांच्या घरी मेंढ्या होत्या. एका दुपारी ते डोंगरावर मेंढ्या गोळा करत होते. आसपास चिटपाखरूही नव्हतं. आणि कुणीतरी त्यांना नावाने हाक मारली.

वाडीने फिनलेंचं बोलणं मन लावून ऐकलं ते या एकाच दिवशी.

"धुकं व्हतं का?" कोंडिबाने विचारलं.

"होते. दाट होते."

"पानी जवळ व्हतं?"

"खाली एक मोठे सरोवर आहे."

पडवीत चुळबुळ झाली. दोघीतिघी बायका एकमेकींकडे सरकल्या.

"हाक किती येळा मारली?"

"एकदाच."

"आन् तुमी?"

"मी तत्काळ ओ दिली," फिनले म्हणाले. हे सांगताना त्यांचा चेहरा नेहमी उजळत असे, तसा तो उजळला. "पहिल्याच हाकेला."

साळूबाईने पदर तोंडाला लावला. बाहेर एक कोंबडी आली होती, ती परत गेली.

"मंग तुमचं हिकडं येनं झालं," कोंडिबा म्हणाला.

"होय."

"आय हाय?"

"आहे. फार रडली."

"श्येत?"

"भाऊ करतो."

कोंडिबाने मान हलवली. त्याच्या आवाजात वाद नव्हता. गुरांचा रोग ओळखावा तसा तो बोलला. "त्ये तसंच करतंय. घरातनं काडतंय. लांब न्येतंय. आन् पान्याकाठी आनून ठिवतंय."

"ती देवाची हाक होती," फिनले म्हणाले.

"द्येव व्हय? द्येव येकदाच कशापायी मारंल? त्येला दम कमी हाय का?"

या प्रश्नाचं उत्तर शास्त्रीबुवांनी शिकवलं नव्हतं. मिशनच्या कॉलेजातही तो कुणी विचारला नव्हता.

थंडी पडली. संध्याकाळी पाण्यावर धुकं धरायला लागलं, तेही डोंगरावरून उतरण्याऐवजी पाण्यातूनच वर येई आणि वाडीच्या पायरीशी येऊन थांबे. अशाच एका तिन्हीसांजेला फिनले काठावर हातपाय धुवायला गेले होते. वारा नव्हता. पाणी इतकं गप्प होतं की त्यात हात घालायला त्यांना अवघड वाटलं.

"रॉबिन!"

आवाज पाण्यावरून आला. ना बाईचा ना पुरुषाचा, शेवटी थोडा लांबवलेला. त्यांची आई जेवायला बोलवताना तसाच लांबवी.

"ओ!" फिनले म्हणाले.

आपल्या तोंडून विचार न करता आलेला हा पहिला मराठी शब्द, हे त्यांच्या लक्षात आलं आणि क्षणभर त्यांना अभिमान वाटला. मग त्यांच्या हे लक्षात आलं की वाडीत त्यांचं पहिलं नाव कुणालाच माहीत नाही. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, प्रार्थनेतसुद्धा नाही. वाडीला ते पादरीबाबा होते आणि मिशनला आर. टी. फिनले.

ते तिथेच उभे राहिले, दुसऱ्या हाकेची वाट बघत. काळोख झाला. दुसरी हाक आली नाही.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण भिकूने ऐकलं होतं. तो वरच्या बांधावर गवत कापत होता. "हाक आली," तो कोंडिबाला म्हणाला. "आपलं नाव न्हवतं. काहीतरी विंग्रजी. आन् ह्यानं धडाधड ओ दिली."

कोंडिबाने खालच्या मेलेल्यांची नावं बोटांवर मोजली. खाली इंग्रजी बोलणारं कोण राहिलं असेल? मग त्याला आठवलं, धरणाच्या टायमाला मोजणीला आलेला एक गोरा साहेब हिवतापाने गेला होता. त्याला चिंचेखाली पुरला होता. चिंचही पाण्यात होती.

"येकटा पडला आसंल बिचारा," कोंडिबा म्हणाला. "सोबत हुडकतोय."

तो साळूबाईला घेऊन पडवीत आला आणि त्याने इलाज सांगितला. ज्या नावाला ओ दिली ते नाव टाकायचं. वाडीत पोरं जगत नसली की करतात तेच. पोराला उकिरड्यावर ठेवायचं, दुसऱ्या बाईने ते उचलून आणायचं, आणि कुणाला मोह होणार नाही असं नाव ठेवायचं. मग हाक मारणारा हाक मारत बसतो, त्या नावाचा माणूसच राहत नाही.

"माझे नाव मला देवासमोर मिळाले आहे," फिनले म्हणाले. "ते मी टाकणार नाही."

"नगं टाकू," साळूबाई म्हणाली. "पर आयचा तरी इचार कर."

फिनले रोज संध्याकाळी काठावर जाऊ लागले. घाबरून नव्हे, असं ते स्वतःला सांगत. त्यांना फक्त एवढंच हवं होतं, की आवाजाने एकदा, एकदाच, दुसऱ्यांदा हाक मारावी. कारण हा आवाज एकदाच येत असेल आणि खालचा असेल, तर तो डोंगरावरचा आवाज कुणाचा होता? तोही एकदाच आला होता. त्या एका हाकेवर त्यांनी घर सोडलं होतं, शेत सोडलं होतं, एका मुलीला नाही म्हटलं होतं. तेव्हा जरा थांबायला हवं होतं का? दुसरी आली असती का?

धुकं चढे. "रॉबिन!" आवाज येई. मग नुसतं पाणी.

त्यांचं जेवण तुटलं. साळूबाई त्यांना जेवायला तीनदा हाक मारी, आणि तिसऱ्या हाकेलाही ते तिच्याकडे खात्री नसल्यासारखे बघत. माघात एक दिवस ते कोंडिबाच्या दारात उभे राहिले. हाक न मारताच आत गेले.

"कुठे आहे तो उकिरडा?"

विधी दिवसाढवळ्या झाला. फिनलेंनी बूट काढू का विचारलं. ऱ्हाऊ द्या, कोंडिबा म्हणाला. पांढऱ्या झग्यात ते उकिरड्यावर मांडी घालून बसले. कोंबड्या बाजूला झाल्या. कोंडिबाने त्यांच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं, तेव्हा ते दचकले. पाणी गार होतं म्हणून नव्हे, तर डोक्यावर पाणी घालून नाव देण्याचं हेच काम, बाप्तिस्म्याचं, करायला आपण इतक्या लांबून आलो होतो हे आठवून. साळूबाईने जोरात विचारलं, "ह्यो कुनाचा?" सगळे म्हणाले, "कुनाचाबी न्हाई. केर हाय." मग तिने त्यांना हाताला धरून उठवलं.

"केरू," ती म्हणाली. "केरू. केरू."

"ओ," फिनले म्हणाले.

वाडीत हसू पसरलं. भिकूने त्यांच्या पाठीवर थाप मारली, "केरूतात्या, आता बस म्हनावं त्येला वरडत." त्या दिवसापासून वाडीत त्यांना जे मिळालं नव्हतं ते सगळं मिळालं. ताकाचा गडू, पोरांची नाकं पुसायचा हक्क, आणि बांधावरच्या भांडणात मत. त्यांची भाषा सुटली. ते "लई" म्हणायला लागले. संध्याकाळी पाण्यावरून आवाज आला की भाकरी मोडता मोडता थांबत, आणि ओ देत नसत. तो दुसऱ्या कुणाचा तरी शोध घेत होता.

होळीच्या आधीच्या रविवारी ते प्रार्थनेला उभे राहिले. पडवी भरली होती, त्यांच्या प्रेमाखातर. त्यांनी डोळे मिटले, आणि मिटल्यावर त्यांना कळलं की आपण वाट बघतोय. देवाने हाक मारली, तरी आपण तिसरीपर्यंत थांबणार. आणि कुठल्या नावाला? त्यांनी डोळे उघडले.

"आज काय सांगायचं न्हाई," ते म्हणाले.

पुण्याला जाऊन त्यांनी काम सोडतो म्हणून सांगितलं, तेव्हा मुख्य पाद्र्यांनी त्यांना समजावलं. "हाक प्रत्येकाला एकदाच येते, मुला."

"व्हय," फिनले म्हणाले. "म्हनूनच म्हनतोय."

ते बोटीने परत गेले आणि भावाबरोबर शेत करू लागले. डोंगरावर मात्र ते एकटे गेले नाहीत. प्रार्थनेचं ठिकाण काही उभं राहिलं नाही, म्हणून मिशनने वाडीत दुसरा माणूस पाठवला नाही. संध्याकाळचा आवाज वाडीला पुढेही बरेच दिवस ऐकू येत होता. साळूबाई म्हणे, "वरड बाबा. गेला त्यो."

धरणाच्या पलीकडच्या काठाला वीजकंपनीच्या कॅम्पात एरचशा नावाचे एक पारशी इंजिनिअर त्याच थंडीत बदलून आले होते. संध्याकाळी व्हरांड्यात उभे राहून ते आपल्या अल्सेशियनला जेवायला बोलवत. कुत्र्याचं नाव रॉबिन होतं, आणि तो पहिल्याच हाकेला येत असे.