आनंदीबाईच्या माहेरची खाचरं

बिरवाडीच्या कोंडाजीनं लष्करी लिलावातली जुनी जीप घेतली आणि ती चालवायलाही शिकला. दसरा झाल्यावर बायकोला म्हणाला, "अगो, तुज्या म्हायेरची खाचरं बघून येऊ. मीच नेतो."

आनंदीबाईचं माहेर पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत. तिचा बाप वारला तेव्हा बाराव्याच्या पंगतीत कोंडाजी बोलून गेला होता, "डोंगरातल्या लोकांना पावन्यांची रीत काय कळनार!" तिचा धाकटा भाऊ येसाजी भरल्या पानावरून उठला. तेव्हापासून येणंजाणं तुटलं, त्याला कैक वर्षं लोटली. म्हणून नवऱ्याच्या बोलण्याचं तिला नवल वाटलं.

तयारी जोरात सुरू झाली. कोंडाजीनं चाकं तपासली, डब्यात जादा पेट्रोल भरून घेतलं. वाट विचारली तर आनंदीबाई सांगे, "नदी उतरायची, मंग उंबर, मंग झऱ्याची चढन."

"ही पायांची वाट झाली. चाकांची सांग."

ती तिला ठाऊक नव्हती. शेवटी त्यानंच पोलादपुरात चौकशी केली. महाबळेश्वरच्या घाटात एका वळणावरून ती खाचरं खाली दिसतात, असं कळलं.

"भाकऱ्या किती बांधू?" तिनं विचारलं.

"दोगांच्या. वळनावर बसून खाऊ नि परतू."

तेव्हा तिला उमगलं. त्याला खाचरं बघायची होती, येसाजीचं तोंड नाही. तिनं पीठ मात्र जास्त मळलं.

वळणावर जीप थांबली. लहानपणी चिखलात उभं राहून तिला फार तर पुढचा बांध दिसे. आता सगळा डोंगरउतार एकाखाली एक पिवळ्या पायऱ्यांनी भरलेला दिसत होता. मधल्या खाचरात एक माणूस भात कापत होता. आनंदीबाईनं तोंडाशी हात धरून कुकारा घातला. माणसानं वर पाहिलं.

"कोनाला हाका मारतेस?" कोंडाजीनं विचारलं.

"माज्या भावाला." तिनं भाकऱ्यांचं गाठोडं उचललं.

"गाडी टाकून मला येता येनार नाय!"

"नका येऊ," म्हणत ती पायवाटेनं उतरली.

येसाजीनं विळा खाली ठेवला. "बाय, एकटीच?"

"ते वर हायत. गाडी राखतायत."

त्यानं बांधावर तिला बसायला जागा केली. भाकऱ्या खाल्ल्या, मग दोघं कापणीला लागली. उन्हं कलली तेव्हा जीप एकटीच परत गेली.

कापणी उरकेपर्यंत आनंदीबाई माहेरीच राहिली. झोडणीच्या वेळी एक दिवस वळणावरून हॉर्न वाजला, मग पुन्हा, लांबलचक. तिनं भावाकडे पाहिलं.

"वाजू दे," येसाजी म्हणाला आणि पेंढा बांधत राहिला.

बऱ्याच वेळानं हॉर्न थांबला. कोंडाजी धोतर खोचून, झुडपांना धरत घसरत खाली आला आणि धापा टाकत बांधावर बसला. येसाजीनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"भात बरं आलंय," पाणी पिऊन कोंडाजी म्हणाला.

"हाय बरं."

"पंगतीला मी तसं बोलाय नको हुतं."

येसाजीनं रिकामा तांब्या उचलला. "जेवान तयार हाय. चला," तो म्हणाला आणि घराच्या वाटेला लागला. आनंदीबाईनं अंगावरचा भुसा झटकला नि दोघांच्या मागून चालू लागली.