माझ्या गादीवर न बसलेली एकच बाई

मी बोलतेय. हो, मीच, रस्त्याच्या कडेला लाल छत उघडून उभी असलेली तीनचाकी. दोन चाकं पुढे, एक मागे. गिऱ्हाईक पुढे ऐसपैस बसतं आणि चालवणारा त्याच्या पाठीमागे पायडल मारतो. हनोईत मला सायक्लो म्हणतात. माझा मालक दोआन मला लाडाने बाईसाहेब म्हणतो आणि त्याची बायको थोआ मला सवत म्हणते. तिचंही काही चुकत नाही. दिवसभर नवरा माझ्या संगतीत, घरी येतो तो जेवून घोरायला.

माझ्या गादीवर आजवर कोण बसलं नाही? गोरे साहेब बसले, जपानी नवरा-नवरी बसली, बाजारातल्या कोंबड्या बसल्या. एकदा तर लग्नघरी निघालेलं अख्खं भाजलेलं डुक्कर ऐटीत बसलं होतं. बसली नव्हती ती एकटी थोआ. ती गादी तिनेच शिवलेली, लाल मखमलीची, कडेला पिवळी झालर लावून. तरी ती कधी बसली नाही, आणि याचं मला फार वाईट वाटायचं.

माझा जन्म लाल नदीपलीकडच्या एका वर्कशॉपमधला. कुठल्याशा सायकलचं हँडल, कुठल्याशा ट्रकचे नटबोल्ट, असा माझा संसार जमवला होता. तेव्हा शहरात परदेशी पाहुणे कुठले? मी कोळशाच्या वड्या वाहिल्या, कपाटं वाहिली, विटा वाहिल्या. दोआन तेव्हा तरणाबांड होता. त्याच्या साखरपुड्याची लाल तबकं माझ्यातूनच गेली. सुपारी, पानं, चहा, हिरव्या तांदळाचे केक, सगळं माझ्या मांडीवर. नवरी मात्र शेजारच्याच गल्लीतली, त्यामुळे वरातीबरोबर चालत आली.

आणि लग्नानंतरच्या पहिल्याच तेतला, म्हणजे नव्या वर्षाच्या सकाळी, थोआने घोळ घातला.

आमच्याकडे वर्षाच्या पहिल्या दिवशी घरात पहिलं पाऊल कुणाचं पडतं याला फार महत्त्व. लोक आधीपासून एखाद्या हसतमुख, भरल्या घरच्या माणसाला सांगून ठेवतात आणि तो येईपर्यंत दुसऱ्या कुणाला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. शेजारच्या क्वीताईने आपल्या श्रीमंत मामेभावाला बोलावलं होतं. तो वाटेत दारू प्यायला थांबला. इकडे थोआला आठवलं की क्वीताईचं उसनं आणलेलं पातेलं घरात तसंच राहिलंय. नव्या वर्षात उसनवारी नको म्हणून ती ते घासूनपुसून घेऊन गेली आणि सरळ आत शिरली. नवी नवरी, हसत म्हणाली, "ताई, हे घ्या तुमचं पातेलं!"

क्वीताईचा चेहरा मी अंगणातून पाहिला. फटाका फुटावा तशी ती ओरडली होती.

त्या वर्षी क्वीताईची डुकरं मेली. तेव्हा गल्लीत घरोघरी न्हाणीघरात डुकरं पाळायचे लोक, दिवसच तसे होते. डुकरं मेली आणि थोआच्या पायगुणाची चर्चा सुरू झाली. पांढऱ्या पायाची, म्हणाले लोक. तोंडावर कुणी म्हणालं नाही, पण नळावर बायका गप्प व्हायच्या. थोआने त्या दिवसापासून कानाला खडा लावला. पुन्हा कुणाच्या घरात पहिली म्हणून शिरली नाही, सकाळी कुठल्या दुकानात पहिली म्हणून गेली नाही.

आणि रोज सकाळी दोआन मला बाहेर काढायचा तेव्हा ती दाराआड लपायची. दिवसाचं पहिलं दर्शन आपलं नको, नाहीतर दिवसभर गिऱ्हाईक मिळणार नाही, म्हणून. आतून आवाज तेवढा यायचा, "अहो, टोपी घेतलीत का? तुमच्या त्या सवतीची साखळी वाजतेय, तेल घाला तिला."

दोआन तिला खुळी म्हणायचा. पण तोही काही कमी नाही हं. पहिल्याच गिऱ्हाइकाने घासाघीस करून पाठ फिरवली, की दोआन अपशकुन घालवायला कागद पेटवून माझ्या चाकांभोवती ओवाळायचा. माझा डावा मडगार्ड त्यापायी काळा पडलाय. असा माणूस बायकोला कसं समजावणार?

पुढे दिवस पालटले, पाहुणे येऊ लागले. मला घंटा आली, छत आलं, थोआने गादी शिवली. मग आमचा रोजचा फेरा ठरला. तळ्याकाठचं लाल पुलाचं देऊळ, मोठं चर्च, ऑपेरा हाऊस, म्युझियम आणि शेवटी विद्येचं देऊळ. माणसांची एक गंमत मी पाहिली आहे. म्युझियममध्ये जाताना ती तरातरा जातात आणि येताना पाय ओढत, पण तोंडाने म्हणतात, फारच छान. ऑपेरा हाऊस फ्रेंचांनी बांधलं, पण त्याच्या पायऱ्यांवर आता आमच्या नवऱ्या झगे सावरत फोटो काढतात. आत काय चालतं ते त्यांच्यापैकी एकीलाही ठाऊक नसावं.

रात्री जेवताना दोआन थोआला सगळं सांगायचा. तीही खोदून खोदून विचारायची, "त्या दगडी कासवांच्या पाठीवर काय म्हणालात? नावं? पास झालेल्यांची? आणि इतकी वर्षं कासवं ती घेऊन बसलीत?" देवळाच्या दारापर्यंत ती एकदा गेली होती, त्यांच्या मुलीची, लामची परीक्षा होती तेव्हा. सगळ्या आया मुलांना घेऊन आत उदबत्त्या लावत होत्या. थोआ बाहेर फुटपाथवर उभी राहिली. मुलीला म्हणाली, "तू जा बाबांबरोबर. माझं पाऊल आत नको." लाम पास झाली आणि थोआला वाटलं, बरं झालं आपण बाहेर थांबलो. मला त्या दिवशी इतका राग आला होता की मी येताना मुद्दाम प्रत्येक खड्ड्यात गेले.

आता दोआनचा गुडघा गेलाय. डॉक्टर म्हणाले, पायडल बंद. कोपऱ्यावरचा कॉफीवाला मला मागत होता. दुकानासमोर उभी करून गादीवर फुलांच्या कुंड्या ठेवणार म्हणे! दोआनने होकार दिला आणि मला अंगणात घेऊन पुसत बसला. एकच जागा पुन्हा पुन्हा पुसत होता. कॉफीवाला परवा यायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोआनने दार वाजवलं. "थोआ, बाहेर ये. बस."

"कुठे?"

"तुझ्या सवतीच्या मांडीवर. आणखी कुठे?"

"वेड लागलंय का? पहिलं गिऱ्हाईक मी? शेवटच्या दिवशी तरी धंदा नीट होऊ द्या."

"आज धंदाच करायचा नाहीये. मग बिघडवशील काय? माझा गुडघा? तो आधीच बिघडलाय."

 मग थोआ बाहेर आली. तिने चांगला जांभळा पोशाख घातला होता. म्हणजे हिच्या मनात आधीपासूनच होतं तर! ती बसली ती अगदी काठावर, कुणी आता ऊठ म्हणेल अशी. किती हलकी होती ती. मी इतक्या वजनदार लोकांना वाहिलं आणि हिच्यासाठी मला पंख फुटल्यासारखं झालं.

क्वीताई गल्लीच्या तोंडाशी शेवयांच्या सूपचं दुकान मांडत होती. थोआने टोपी तोंडावर ओढून घेतली. "अहो, लवकर चला, तिचं पहिलं गिऱ्हाईकही अजून आलं नाहीये."

चर्चपाशी तिने टोपी वर केली. ऑपेरा हाऊसपाशी ती मागे रेलली. "हे एवढं पिवळं आहे? तुम्ही नुसतं पिवळं म्हणायचात." म्युझियमपाशी ती चक्क हसली, कारण एक साहेब पाय ओढत बाहेर येत होता. दोआनचा गुडघा कुरकुरत होता, पण त्याने हूं की चूं केलं नाही.

विद्येच्या देवळापाशी गर्दी होती. परीक्षेचे दिवस. थोआ खाली उतरली आणि लामच्या परीक्षेच्या वेळेसारखीच दारापासून लांब उभी राहिली. तेवढ्यात एक मुलगी तिच्याकडे आली. एकटीच होती, हातात उदबत्त्या, नखं कुरतडून लाल झालेली.

"आजी, तुम्ही आत चाललात का?"

"नाही गं. मी बाहेरच बरी."

"चला ना. आई गावाला आहे. तिने फोनवर सांगितलंय, एखाद्या चांगल्या आजींना पुढे घाल आणि त्यांच्या पावलावर पाऊल टाकून जा. तुमच्यासारखी हसत येणारी दुसरी कोणी दिसली नाही."

थोआचा चेहरा उतरला. "बाळा, माझा पायगुण चांगला नाही. दुसरं कुणी बघ."

"कोण म्हणतं असं?"

"सगळे म्हणतात."

"मला नाही कुणी म्हणालं," मुलगी म्हणाली आणि तिचा हात धरून उभी राहिली. सोडेचना.

थोआने दोआनकडे पाहिलं. दोआन माझ्या हँडलकडे बघत म्हणाला, "जा की. मी आहे इथे."

ती उंबऱ्यापाशी थांबली. मी श्वास रोखला, म्हणजे टायरमधली हवा जेवढी रोखता येते तेवढी. मग तिने पाऊल उचललं आणि उंबऱ्यापलीकडे टाकलं. मागून ती मुलगी गेली. पुढे गर्दीत मला दिसल्या नाहीत. मला देवळात जाता येत नाही, हे माझं जन्माचं दुखणं.

बऱ्याच वेळाने थोआ एकटीच बाहेर आली. डोळे लाल. गादीवर बसली, नीट मागे टेकून, आणि म्हणाली, "कासवं हसतात हो. इतकी वर्षं सांगताय, हे नाही सांगितलंत कधी."

परतताना क्वीताईने हाक मारली. "काय गं, सकाळी सकाळी कुठे दौरा?"

थोआने या वेळी टोपी ओढली नाही. "विद्येच्या देवळात. एका पोरीच्या पुढे आत गेले. उद्या परीक्षा आहे तिची."

क्वीताईचा हात भांड्यातच थांबला. "तू? पुढे?"

"हो. पास झाली तर अभ्यासाने होईल. नापास झाली तरी अभ्यासानेच. माझ्या पायाने नाही." एवढं बोलून ती खाली उतरली. "आणि ताई, तुमची डुकरंही माझ्या पायाने मेली नव्हती."

क्वीताई पळीने सूप ढवळायला लागली. मग पुटपुटली, "डुकरं काय गं, त्या वर्षी साथच होती. सगळ्या गल्लीची मेली. माझी आधी मेली एवढंच."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणार होते. पण तू दाराआड लपायला लागलीस, मग मलाच तोंड दाखवायची लाज वाटली. बस, सूप पी. गुडघेवाल्यालाही दे."

दुसऱ्या दिवशी कॉफीवाला आला. थोआ दारातच उभी, कमरेवर हात ठेवून. "माझ्या सवतीच्या मांडीवर कुंड्या ठेवणार? फुलं हवीत तर बाजारातून आणा." तो बिचारा दोआनकडे बघायला लागला. दोआन आकाशाकडे.

आता माझ्या मागच्या चाकाला एक छोटी बॅटरीची मोटर आहे. गल्लीतल्या मेकॅनिकने बसवली. दोआन पाय नुसते ठेवतो. लांबचे फेरे बंद झाले, पण सकाळचा एक फेरा चुकत नाही. दाराआड आता कुणी लपत नाही. थोआ टोपी घालून आधी गादीवर बसते, मग दोआन मला बाहेर काढतो. गल्लीच्या तोंडाशी क्वीताई दुकान मांडायचं सोडून तिला हात करते.

तुम्ही कधी हनोईला आलात, तर जरूर या. तळं, चर्च, कासवं, सगळं दाखवीन. घासाघीसही करा, माझी हरकत नाही, मडगार्ड तसाही काळाच आहे. फक्त सकाळी आलात तर थोडं थांबावं लागेल. माझ्या गादीवर पहिली थोआ बसते.